मंदाच्या खोलीतलं मशीन

मे अर्धा सरला की आमच्या अंजूरचा वारा पडतो. खाडीकडून येणारी संध्याकाळची झुळूक, जिच्या भरवशावर आम्ही उन्हाळा काढतो, ती एके दिवशी येतच नाही. माणसं ओट्यावर येऊन बसतात, गंजी काढून खांद्यावर टाकतात आणि 'आज पानच हलत न्हाय' असं एकमेकांना सांगतात. दरवर्षी तेच वाक्य, त्याच कंटाळलेल्या सुरात. मी मात्र ते ऐकलं की उठून आत जातो. पन्नासएक वर्षं झाली, तरी जातो.

आता आमच्या घरात एसी आहे. मुलाने बसवला, रिमोट सुनेच्या ताब्यात. परवा दुपारी वीज गेली आणि आली. दिवे लागले, पंखा फिरला, एसीतून मात्र गार वारं येईना. सून वैतागली. म्हणाली, "बाबा, बघा ना, तुम्ही तर एवढे मिस्त्री होतात." मी म्हटलं, "थांब जरा. आतला दाब सारखा झाल्याशिवाय तो उठणार नाही. तीन मिनिटं." बरोबर तीन मिनिटांनी बाहेरचं युनिट घुमलं आणि गार वारं आलं. सून हसली. हल्लीच्या मशीनमध्ये थांबायची अक्कल कारखान्यातच बसवून देतात. आमच्या वेळी ती माणसाला लागायची, आणि ती माणसाकडे असेलच अशी खात्री नव्हती. मी माझ्याबद्दलच बोलतोय. तीन मिनिटं होईपर्यंत मी त्या खोलीत थांबलो नाही, ओट्यावर येऊन बसलो.

साल शहात्तर असेल किंवा सत्त्याहत्तर. मी सव्वीस वर्षांचा होतो. भिवंडीत यंत्रमागांच्या मोटरी जळायच्या आणि मी त्या पुन्हा गुंडाळून द्यायचो. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि तांब्याच्या तारेची रिळं. अंजूरहून सायकलने सकाळी यायचं, दिवसभर वार्निशच्या वासात बसायचं, दिवेलागणीला परत. त्याआधी दहा महिने मी मुंबईत एका फ्रिजवाल्याच्या हाताखाली काढले होते. दहाच महिने. पण भिवंडीत तेवढ्यावर मी 'एसीवाला मिस्त्री' झालो होतो, कारण गावात एसी किती होते ते बोटांवर मोजता आलं असतं. लोक विचारायचे आणि मी सांगायचो. विचारलं त्यापेक्षा चार शब्द जास्तच सांगायचो. ती माझी जुनी खोड.

तो उन्हाळा सुरुवातीपासूनच वाईट होता. शेतात पेरणीआधी राब भाजल्याचा धूर खाली बसून राहायचा, वर जायचाच नाही. राहनाळच्या बाजूने सायकल मारताना डोळे चुरचुरायचे. ओट्यांवर वाळत घातलेले वाकटी मासे दोन दिवसांत कडक व्हायचे. विहिरींचं पाणी मचूळ झालं होतं. आणि गावात शिरलं की माग. भिवंडीचा माणूस मागांचा आवाज ऐकत नाही, तो आवाज असतोच. खटक-खट, खटक-खट, भिंतीतून, जमिनीतून, जेवणाच्या ताटातून. तो थांबला तरच ऐकू येतो. आणि तो थांबला की माणसं दचकून दारात येतात. काही वर्षांपूर्वी गावाने दंगलीचे फार वाईट दिवस पाहिले होते. तेव्हा आधी माग थांबले होते आणि मग बाकीचं झालं होतं. त्यामुळे माग चालू असले की सगळं ठीक आहे, अशी एक अडाणी समजूत सगळ्यांच्याच मनात बसलेली होती.

जनूशेठचा निरोप आला तो मंगळवार होता. जनूशेठ आमच्याच खाडीपट्ट्यातला, भात सोडून मागात पडलेला. घरामागच्या शेडमध्ये आठ माग. 'शेठ' ही गल्लीची मेहेरबानी. तो स्वतः गंजी घालून कारागिरांबरोबर तुटलेले धागे सांधत बसायचा. अशा माणसाच्या घरात एसी म्हटल्यावर मी वाटेत मनातल्या मनात चेष्टाच केली होती. भाताच्या पेंढीवर झोपलेल्या माणसाला आता गारवा लागतो, असं काहीतरी. दारात गेलो तर तोच उभा होता, घामाने निथळत.

"वामन, आवाज हाय, पन उठत न्हाय," तो म्हणाला. "मार्चमदी बसवला तवा चालला. आता चार दिस झाले, नुसता घुमतंय."

एसी मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जुना, खिडकीत बसवायचा. त्या खोलीच्या बाकी सगळ्या फटी कागद आणि खळ लावून बुजवल्या होत्या. आत पलंगावर सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती, अंगावर ओला पंचा. केस अगदी विरळ, जावळासारखे. हसली तेव्हा दिसलं, दात चारच, तेही टोकदार. तिची आई, सुलोचनावहिनी, पितळी तपेल्यातलं पाणी घेऊन दुसरा पंचा भिजवत होती.

"हिला घाम येत न्हाय, भावजी," वहिनी म्हणाली. जसं एखादी बाई सांगेल की हिला दूध आवडत नाही. "जलमापासून. मुंबैचा डागतर बोलला, कातडीत घामाची भोकंच न्हायत. उन्हाळा आला का आंग तापतं आनि तापतच जातं."

गेल्या वर्षी मेमध्ये ती दोनदा बेशुद्ध पडली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, थंडगार जागी ठेवा. आणखी एक उन्हाळा असा काढू नका. जनूशेठने त्या वाक्याला धरून हा डबा आणला होता. मी वाटेत केलेली चेष्टा गिळली आणि पेटी उघडली.

तिचं नाव मंदा. मी काम करायला लागलो की ती पलंगाच्या कडेला येऊन बसायची आणि माझ्या कपाळाकडे बघायची. मला आधी कळेना काय बघते. मग एकदा तिने बोट पुढे केलं आणि माझ्या कानाजवळून ओघळणारा थेंब टिपला. जिभेला लावला.

"खारट हाय," ती म्हणाली. "काका, हा कुठून येतं?"

"आतून."

"दुखतं का?"

मी हसलो. म्हटलं, नाही, कळतपण नाही. ती विचारात पडली. मग तपेल्यात बोटं बुडवून तिने आपल्या कपाळावर, नाकाखाली, गळ्यावर थेंब लावले आणि शेडमधल्या कारागिरांसारखा हाताच्या पाठीने ते पुसून 'हुश्श' केलं. आईला हसू आलं. जनूशेठ मात्र उठून बाहेर गेला. आम्ही सगळे आयुष्यभर ज्या घामाला शिव्या घालतो, तो या पोरीला खेळात आणावा लागत होता. तेव्हापासून घाम आला की मी तो पटकन पुसत नाही.

मशीनची गोष्ट अशी होती. बटण एक घर फिरवलं की पंखा लागायचा. पुढचं घर फिरवलं की आतून कॉम्प्रेसर घुमायचा, हूंऽऽ, पाच-सात सेकंद. तेवढ्यात खोलीतला दिवा लालसर व्हायचा. मग टक् असा बारीक आवाज, आणि सगळं गप्प. दीड-दोन मिनिटांनी पुन्हा हूंऽऽ, पुन्हा टक्. मंदा त्याला 'आजा' म्हणायची. "आजा उठायला बघतंय, पन न्हाय उठत," असं सांगून ती तोंडाने हुबेहूब तो आवाज काढायची, टक्-सकट.

मागाची मोटर अशी घुमत राहिली तर भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल काय करायचं. पट्ट्याला हात द्यायचा. एक हिसका दिला की अडलेली मोटर फिरायला लागते. जनूशेठने मला दोनदा विचारलं, हात कुठून द्यायचा? पण कॉम्प्रेसर हा सगळीकडून बंद केलेला लोखंडी हंडा; मोटर त्याच्या पोटात. हात द्यायला जागाच नाही. बाहेरून नुसतं ऐकायचं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दुपारी मी तिथे होतो. वायर बघितली, चांगली जाड होती. फ्यूज बघितला, तो नको इतका जाड होता. बारीक तार सारखी जळते म्हणून मागवाले घालतात तसा तिहेरी पीळ. ते बघून मी हसलो आणि तसाच राहू दिला. कपॅसिटर काढला, भारला, स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडली, ठिणगी कडाडून उडाली. मंदा किंचाळली आणि 'अजून येकदा' म्हणाली. टेस्टिंगचा दिवा लावून हंड्यात वीज नेणारे तिन्ही खिळे तपासले. आतलं वाइंडिंग शाबूत, हंड्याच्या अंगात करंट उतरत नव्हता. सगळं बरोबर होतं आणि मशीन उठत नव्हतं. बिघाड सापडला की मिस्त्रीला बरं वाटतं. काहीच सापडत नाही तेव्हा भीती वाटते. गुरुवारी मंदाचा ताप हाताला चटका देईल इतका होता. वहिनी पंचा टाकायची आणि तो बघता बघता सुकायचा. "आज व्हईल ना भावजी?" ती विचारायची. मी 'होईल' म्हणायचो, आणि तिच्याकडे न बघता सायकल काढायचो.

उत्तर शुक्रवारी मिळालं, आणि ते मी शोधलं नाही. दुपारचा एक वाजून गेला होता. बटण तसंच चालू ठेवून मी वैतागून भिंतीला टेकून बसलो होतो. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. गल्लीतले कारखाने एकामागून एक बंद व्हायला लागले. समोरच्या युसुफभाईंचे चाळीस माग थांबले, मागच्या गल्लीतले थांबले, मग लांबचे. इतकी शांतता, की तपेल्यात पंचा पिळल्याचं पाणी पडलं ते ऐकू आलं. छतातला दिवा हळूहळू पिवळ्याचा पांढरा झाला. आणि आजा उठला. हूंऽऽ झालं, आम्ही सगळे टक्ची वाट बघत राहिलो, आणि टक् आलंच नाही. आवाज एकदम बारीक, गोल झाला. दोन मिनिटांनी जाळीतून गार वारं आलं. मंदाने त्याच्यापुढे तोंड धरलं आणि डोळे मिटले. वहिनी रडली. मी स्वतःला शहाणा म्हणवतो, पण मला इतकी साधी गोष्ट तीन दिवस दिसली नव्हती. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. सगळं गाव मिळून वीज ओढत होतं आणि आजाला उठण्यापुरतीही उरत नव्हती. एकदा उठला की तो कमी विजेवरही चालत राहायचा; उठतानाच काय तो जोर लागायचा.

व्होल्टेज वाढवणारा डबा मुंबईला सांगितला. तो मिळायला पंधरा-वीस दिवस लागणार होते. तोवर काय? जनूशेठने आपले आठ माग बंद करून बघितले. आठाने काही होईना. मग तो शर्ट घालून, भांग पाडून, युसुफभाईंकडे गेला. मीही बरोबर होतो. त्याने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नसावं, कारण त्याला सुरुवातच करता येईना. शेवटी मीच सांगितलं. युसुफभाई म्हातारे, दाढीला मेंदी लावलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जनूभाई, बच्ची का मामला है। दो मिनट की क्या बात है? मेन गिरा देंगे। बाकी गल्ली को मैं बोलता हूँ।"

आणि खरंच तसं व्हायला लागलं. रोज अकराच्या सुमाराला, ऊन चढायच्या आत, जनूशेठ गल्लीत उभा राहून हात वर करायचा. माग थांबत जायचे. आत वहिनी बटण फिरवायची. आजा उठला की ती दारात येऊन पदर हलवायची आणि सगळी गल्ली पुन्हा खडखडायला लागायची. मी आजवर इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि मला तेव्हा ते बघवतही नव्हतं. ती दोन मिनिटं मला सोसायची नाहीत. शेजारच्या गल्ल्यांमधली माणसं धास्तावून डोकावायची, काय झालं, कोण गेलं? काही नाही, पोरीचं मशीन, असं कोणीतरी सांगायचं. त्यांचे चेहरे लगेच सैल व्हायचे नाहीत.

माग मध्येच थांबवला की कापडावर एक आडवी रेघ उमटते. ती धुऊन जात नाही. त्या पंधरवड्यात जनूशेठच्या गल्लीतून गेलेल्या प्रत्येक थानावर अशा रेघा होत्या. कुठे कुठे गेलं असेल ते कापड. त्याचे लेंगे झाले असतील, अस्तरं झाली असतील, कुणाच्या तरी अंगावर मंदाची दुपार गेली असेल.

पण वीज काय एकदाच जाते? मे उतरणीला लागला तशी ती दिवसातून तीनदा, चारदा जायला लागली. प्रत्येक वेळी आजा झोपायचा. प्रत्येक वेळी जनूशेठ गल्लीत. कापडावर रेघा वाढल्या. कारागीर तोंडावर काही बोलत नसत. मेन स्विच पाडताना जरा जोरात पाडत. एके दिवशी युसुफभाईंचा मुकादम मला म्हणाला, "मिस्त्री, दिन में कितनी बार? धागा टूटता है, माल वापस आता है।" तो रागाने बोलला नव्हता. ते जनूशेठने ऐकलं. त्या दिवशी त्याने दुपारी हात वर केला तो खांद्याच्या वर गेलाच नाही.

आणि आता ते सांगायला हवं. त्याच संध्याकाळी मी मशीनची धूळ साफ करत होतो. जनूशेठ बाजूला बसला होता, विडी न पेटवता हातात धरून. हंड्याच्या डोक्यावर रुपयाएवढं काळं बटण असतं, ते त्याने दाखवलं.

"आनि हा काला बटन कशाला हाय?"

ते बटण म्हणजे राखणदार. मोटर अडली, तापली, की ते वीज तोडतं, म्हणून टक्. ते आहे म्हणून मोटर जळत नाही. इतकंच सांगायचं होतं. पण मी मिस्त्री होतो, आणि मला हुशार दिसायचं होतं. मी हसून म्हणालो, "हाच तर चोर हाय शेठ. आजा उठायला बघतो का हा सप्लाय तोडतो. हा नसता ना, तं कवाच उठला असता तुमचा आजा."

चेष्टेतच म्हणालो. पुढचं वाक्य ओठावर होतं, की पण ह्याला कधी हात लावू नका. तेवढ्यात मंदाने विचारलं, चोर कुठं हाय, मला दाखव. मी तिला उचलून घेतलं, बटण दाखवलं, ती त्याला रागावली, आम्ही हसलो. पुढचं वाक्य राहून गेलं. मी तिला खाली ठेवलं, हत्यारं गोळा केली आणि घरी गेलो.

मागांच्या शेडमध्ये स्टार्टर असतो. व्होल्टेज पडलं की तो आपोआप सुटतो, मोटर वाचावी म्हणून. पण भिवंडीत तो दिवसभर सुटतच राहिला असता. म्हणून इथला प्रत्येक मागवाला त्याच्या दांड्याखाली धाग्याच्या मोडक्या कांडीचं लाकूड ठोकून ठेवतो. सुटायचंच नाही. जळली मोटर तर माझ्यासारखा बसलेलाच असतो गुंडाळून द्यायला. जनूशेठच्या आठही स्टार्टरना तसं लाकूड होतं. ह्या माणसाला मी सांगितलं होतं, की एक बटण आहे आणि ते मध्ये येतंय.

दोन दिवसांनी दुपारी वीज गेली आणि आली. त्या दिवशी जनूशेठने गल्लीत जाऊन हात वर केला नाही. त्याने काळ्या बटणाच्या दोन्ही वायरी सोडवल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. काम नीट केलं होतं, मी नंतर बघितलं. मग एसीचं बटण फिरवलं. आजा घुमला. टक् झालं नाही. पंखा वारं टाकत होता, हंडा घुमत होता, टक् होत नव्हतं. जनूशेठला वाटलं, उठला. मंदा झोपली होती. तिच्या अंगावर ओला पंचा टाकून, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून तो शेडमध्ये गेला. वहिनी हौदावर कपडे धूत होती.

फ्यूजची तिहेरी तार जळाली नाही. आतली मोटर अडकल्या जागी तापत राहिली.

मोटर जळाल्याचा वास भिवंडीत कोणाला नवा नाही. दिवसात कुठे ना कुठे एक जळतेच. युसुफभाईंच्या माणसांना आला, त्यांना वाटलं मागच्या गल्लीत. मागच्या गल्लीला वाटलं इकडे. शेडमध्ये जनूशेठने आपल्या आठ मोटरींना हात लावून बघितला आणि त्याला हायसं वाटलं. आणि तो वास तीन गल्ल्यांपलीकडे माझ्या दुकानातही आला. मी तार गुंडाळत होतो. मी मान वर केली, वास घेतला, आणि माझ्या मनात आलं, कोणाची तरी गेली; संध्याकाळपर्यंत काम येईल. मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

हंड्याचा एक खिळा उडाला, आतलं तेल आणि गॅस धूर होऊन खोलीत भरला. बुजवलेल्या फटींतून तो बाहेर येईना. वहिनी कपडे वाळत घालायला आली तेव्हा दाराच्या खालून काळपट येत होतं. तिची हाक मी ऐकली नाही. मला ऐकू आलं ते माग थांबलेलं. एक कारखाना, मग दुसरा, मग सगळी गल्ली, कोणी हात वर न करता. मी धावलो. मी गेलो तेव्हा मंदाला बाहेर ओट्यावर आणलं होतं आणि मागांवरचे कारागीर, उघडे, घामाने चिंब, रांगेने हौदातलं पाणी आणून तिच्यावर ओतत होते.

ठाण्याच्या इस्पितळात ती तिसऱ्या दिवशी गेली. धुराने की तापाने, ते डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं. त्याच आठवड्यात मुंबईहून व्होल्टेजचा डबा आला. तो बराच काळ शेडच्या दाराशी, खोक्यातच पडून होता.

माणूस मरतं आणि ऋतू आपला चालू राहतो, याचा मला त्या वर्षी भयंकर राग आला. करवंदं आली. जांभळं आली. बाया डोक्यावर पाट्या घेऊन ओरडत गेल्या. लोकांनी मला धीर दिला. तुझी काय चूक, तू तर रात्रंदिवस खपलास पोरीसाठी. युसुफभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून सगळं घेतलं. कोणाचंही बोट माझ्याकडे वळलं नाही, आणि ते कधी वळेल याची वाट बघत मी एक एक दिवस काढला. झोप यायची, जेवण जायचं. तेच जास्त भयंकर होतं. असं काही झालं की माणूस बदलतो म्हणतात. मी बदललो नाही. दुकानात बसून मोटरी गुंडाळत राहिलो.

तेरावं झाल्यावर जनूशेठने मला बोलावलं. शेडमध्ये तो एकटाच होता. माग बंद होते. तो एका मागाच्या चौकटीवर बसला होता, मोठा माणूस, एकदम आकसलेला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण रागाने नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखं.

"वामन," तो म्हणाला, "मला येक सांग. माझ्या ध्यानात न्हाय राहत आता. तू बोललेलास का रं, का बटन नसता तं आजा उठला असता? का मीच मनानं धरला?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्याने ते वाक्य इतक्यांदा उलटंपालटं केलं होतं, की ते कोणाचं हेच त्याच्या हातून निसटलं होतं. तो मला पकडत नव्हता. तो नुसतं विचारत होता. मी 'हो' म्हणालो असतो तर तो मला मारायला धावला नसता. कदाचित रडला असता, आणि त्या रडण्यात आम्ही दोघं असतो.

"न्हाय शेठ," मी म्हणालो. "मी असा काय बोललो न्हाय."

त्याने मान हलवली. दोनदा.

"मंग मीच," तो म्हणाला.

तो त्यानंतर बरीच वर्षं जगला. माग चालवले, थकला, शेवटी शेड भाड्याने दिली. वहिनी त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतंच. मी रोज त्याच गल्लीतून सायकलने जायचो. एक दिवस सांगायला पुरला असता, आणि मला इतके दिवस मिळाले. तो ओट्यावर बसलेला असायचा. मला बघून हात वर करायचा, म्हणायचा, "वामन, चाय पिऊन जा." आणि मी सायकल लावायचो, त्याच्या शेजारी बसायचो, आणि चहा प्यायचो.